अबोला म्हणजे मौन नव्हे

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



गेल्या गुरुवारी आरतीनंतर एका ताईंनी विचारलं, "भांडण वाढू नये म्हणून आम्ही बोलणंच बंद केलंय. हे मौनच झालं ना?" तेव्हा कुणालाच नीट उत्तर देता आलं नाही. घरी येताना आम्हाला आमच्या शेडमधला ट्रॅक्टर आठवला. आज त्याचीच गोष्ट सांगत आहोत. ती आम्हा दोघी जावांची गोष्ट आहे, आणि मोठ्या जाऊबाईंना, म्हणजे आमच्या अक्कांना, वाचून दाखवूनच पाठवत आहोत.

मामंजी गेले आणि वर्षाच्या आत बांधावरून दोन घरांत शब्दाला शब्द लागला. मुळात फार मोठं काही नव्हतं, पण बोलणं थांबलं ते थांबलंच. रोज सकाळी ग्रुपवर क्षमेचे सुविचार आम्ही पाठवायचो, आणि अंगणात अक्का दिसल्या की मान खाली घालून तुळशीला पाणी घालायचो. मामंजींचा जुना ट्रॅक्टर सामाईक शेडमध्ये. "आपण कशाला विचारायचं?" असं दोन्ही घरांनी म्हटलं आणि भाताच्या कामाला दोघांनीही भाड्याचा ट्रॅक्टर आणला. बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहेच. ट्रॅक्टर अख्खा पावसाळा तसाच उभा.

भात निघालं, मसूर पेरायची वेळ आली आणि भाड्याचा ट्रॅक्टर मिळेना. शेवटी आमच्या यजमानांनी शेड उघडली. बॅटरी चार्ज करून आणली, इंजिन सुरू झालं. पण क्लच दाबून गिअर टाकायला गेले तर नुसती करकर! पेडल खालपर्यंत जात होतं, गिअर मात्र पडत नव्हता.

मिस्त्री आले. त्यांनी आधी पेडलची जोडणी तपासली, ती ठीक होती. मग म्हणाले, "आत प्लेट चिकटली." आम्ही चहा घेऊन गेलो होतो, तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं ते असं. इंजिनाबरोबर फ्लायव्हील फिरतं. त्याला क्लच प्लेट टेकलेली असते आणि स्प्रिंगच्या जोराने प्रेशर प्लेट तिला दाबून धरते. म्हणून इंजिनाची ताकद गिअरपर्यंत जाते. पेडल दाबलं की तो दाब निघतो, प्लेट सुटी होते आणि गिअर बदलता येतो. आमच्याकडे ओलीने लोखंडाला गंज धरला होता आणि प्लेट फ्लायव्हीलला चिकटून बसली होती.

आम्ही विचारलं, "पण ट्रॅक्टर तर बंदच होता. मग प्लेटा सुट्या नव्हत्या का?"

मिस्त्री हसले. "वहिनी, पेडलवर पाय नसला की प्लेटा सुट्या नसतात, घट्ट दाबलेल्या असतात. बंद ट्रॅक्टरात तर रात्रंदिवस."

मंडळी, हे ऐकलं आणि चहाचा ट्रे हातातच राहिला. आमचं हेच तर झालं होतं! बाहेरून सगळं शांत, आत मात्र तो एक शब्द मनाला दाबून बसलेला, रात्रंदिवस. त्यावर पाच महिन्यांची ओल.

मन हे इंजिन आहे. ते चालू राहणारच. जीभ आणि हातपाय ही चाकं. मौन म्हणजे इंजिन चालू असताना पेडलवर ठेवलेला पाय. राग आत फिरतोय, पण तो जिभेपर्यंत जात नाही. तेवढ्या अवकाशात गिअर बदलायचा आणि पाय हळूच सोडायचा. अबोल्यात पेडलवर पायच नसतो. म्हणून अबोला सुटतो तेव्हा पहिल्याच शब्दाला करकर होते.

मग तो क्लच सुटला कसा? आमचा पुतण्या म्हणाला, "आत तेल सोडूया." मिस्त्री म्हणाले, अजिबात नाही. प्लेटच्या लायनिंगला तेल लागलं की ती पुढे ओझं आल्यावर घसरते. आम्हाला आठवलं, गणपतीत पाहुण्यांसमोर आम्ही दोघी किती गोड बोललो होतो! ते तेलच होतं. पाहुणे गेले आणि पुन्हा तेच.

मिस्त्रींनी इंजिन अर्धा तास चालू ठेवून गरम केलं, बंद केलं आणि पेडल पूर्ण दाबून लाकडाच्या ठोकळ्याने अडकवलं. "राहू दे दोन दिवस. कधीकधी आपोआप सुटतं." आमचं सुटलं नाही. तिसऱ्या दिवशी मोकळ्या शेतात इंजिन पुन्हा गरम केलं, बंद केलं, गिअर टाकला आणि पेडल दाबून धरूनच स्टार्टर मारला. ट्रॅक्टर निघालाच. मिस्त्री मधेच वेग द्यायचे, मधेच ब्रेक. चौथ्या-पाचव्या खेपेला आत खट्ट झालं आणि प्लेट सुटली. (हे काम जाणत्याचंच आहे, घरी कुणी करून बघू नये.) त्या वेळी मुलं आडवी येऊ नयेत म्हणून शेताच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी उभं राहायला हवं होतं. न बोलावता भावोजी जाऊन उभे राहिले.

त्या संध्याकाळी आम्ही अक्कांना विचारलं, "जेवण झालं का?" त्या म्हणाल्या, "हो." एवढंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. आठवड्याने त्यांनी विचारलं, "मसूर पेरून झाला का तुमचा?" बांधाचा प्रश्न अजून सुटलेला नाही, पण त्यावर आता बोलता येतं.

गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी मन आवरायला अभ्यास आणि वैराग्य असे दोन उपाय सांगितले आहेत. आम्हाला वाटायचं, वैराग्य म्हणजे लांब होणं. आता वाटतं, रोज थोडं सुटं होता येणं म्हणजे वैराग्य, आणि ते रोज करणं म्हणजे अभ्यास. नाम घेताना आपण दुसरं काय करतो? चालू मनाच्या पेडलवर घटकाभर पाय ठेवतो. आता पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या पेडलला ठोकळा लावलेला असतो आणि दर पंधरा दिवसांनी तो शेडबाहेर काढून फिरवतात.

*या आठवड्याची साधना:* ज्यांच्याशी बोलणं थांबलं आहे अशा एका व्यक्तीचं नाव मनात आणून रोज एक माळ करावी. आणि सात दिवसांत एकदा, जुना विषय न काढता, एवढंच विचारावं: "जेवण झालं का?" उत्तर आलं नाही तरी चालेल. ठोकळा दोन दिवस ठेवावाच लागतो.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥