विद्याशाखांचे बांध

खानदेशातल्या जामनेर तालुक्यात श्रावणाच्या सुमारास कपाशीच्या शेतात उभे राहिले, तर उमललेल्या पिवळ्या फुलांमध्ये काही फुले मिटलेलीच दिसतात. त्यांच्या पाकळ्या टोकाशी एकमेकींना चिकटून गाठ मारल्यासारख्या झालेल्या असतात. शेतकरी त्यांना डोमकळी म्हणतात. ती गाठ बोटांनी सोडवली की रेशमी धाग्यांनी पाकळ्या आतून बांधून बसलेली बारीक अळी सापडते. हीच अळी पुढे गुलाबी होते. तिची पुढची पिढी कोवळ्या बोंडात शिरते आणि शिरल्या जागेचे भोक बुजून जाते. बोंड बाहेरून निरोगी दिसते, आत सरकी पोखरली जात असते आणि वरून केलेली फवारणी तिथवर पोहोचत नाही. हंगाम सरताना ही अळी दोन सरक्या एकमेकींना चिकटवून मधल्या पोकळीत निजते आणि कापसाच्या गाडीतून थेट जिनिंगच्या आवारात जाते. तिच्या आयुष्याच्या प्रत्येक टप्प्यावर विद्यापीठातल्या एकेका विभागाचा विषय दडलेला आहे. जनुकशास्त्र, रसायनशास्त्र, सिंचन, यंत्रशास्त्र, संगणकशास्त्र, अर्थशास्त्र यांपैकी कोणालाही हा प्रश्न एकट्याने सुटत नाही. आपल्या विद्यापीठांतल्या संशोधनाची खरी उणीव बुद्धीची नाही. विद्याशाखांमध्ये आपण घालून ठेवलेल्या बांधांमुळे ती आली आहे, आणि खानदेशातली कपाशी तिची सर्वांत स्पष्ट साक्ष देते.

या गुलाबी बोंडअळीची शास्त्रीय नोंद प्रथम झाली ती आपल्याच शेजारात. गुजरातेतील भरूचच्या कापसावर सापडलेल्या नमुन्यांवरून 1843 मध्ये डब्ल्यू. डब्ल्यू. सॉन्डर्स यांनी तिचे वर्णन केले. पुढे सरकीबरोबर ती इजिप्तला गेली, तिथून 1911 च्या सुमारास मेक्सिकोत आणि 1917 मध्ये टेक्ससमध्ये पोहोचली. इकडे भारतात कापसाच्या संशोधनाने एकामागून एक मोठी पावले टाकली. सुरतला सी. टी. पटेल यांनी 1970 मध्ये एच-4 हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस दिला. जामनेर तालुक्यातल्या वाकोदचे भवरलाल जैन यांनी जळगावात उभ्या केलेल्या उद्योगातून 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून ठिबक सिंचन खानदेशात पसरले. 2002 मध्ये एका जनुकाच्या आणि 2006 मध्ये दोन जनुकांच्या बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारक विष झाडातच तयार करणाऱ्या कापसाला, परवानगी मिळाली. यातला एकही शोध खोटा नव्हता. संकरित वाणाने उत्पादन वाढवले, ठिबकने पाणी वाचवले आणि बीटीने हिरव्या बोंडअळीवरची फवारणी कमी केली. ज्याने त्याने आपल्या विषयाच्या मोजपट्टीवर यशच मोजले होते.

ही तिन्ही यशे मात्र एकाच शेतात एकत्र आली, तेव्हा त्यांच्या संगतीतून जे घडले ते कोणत्याच विभागाच्या मोजपट्टीवर नव्हते. ठिबक असल्यामुळे खानदेशातला बागायतदार पावसाची वाट न पाहता मे महिन्यातच कपाशी लावू लागला. दीर्घ मुदतीच्या संकरित वाणाला पाणी मिळत राहिले की तो जानेवारीच्या पुढेही उभा राहतो, आणि वेचणी झालेल्या झाडांना पुन्हा पाणी देऊन फरदड घेता येते. अळीच्या बाजूने पाहिले तर याचा अर्थ वर्षातले बहुतेक महिने अन्न असा होतो. पूर्वी पहिल्या पावसानंतर कोषातून बाहेर पडलेल्या पतंगांना फुले सापडत नसत आणि त्यांची एक पिढी वाया जाई. मे महिन्यातल्या लागवडीने तिला वेळेवर फुले मिळाली. संकरित बियाण्याचा तिढा आणखी खोल आहे. संकरित झाडात बीटी जनुक एकाच पालकाकडून आलेले असेल, तर त्या झाडाच्या बोंडातल्या सगळ्या सरक्या सारख्या नसतात. एका जनुकाचा हिशेब धरला तर सरासरीने चारांतली एक सरकी विषाविना असते. अळी राहते बोंडात आणि खाते सरकी. एकाच बोंडात तिला विषारी आणि बिनविषारी घास शेजारी शेजारी मिळाले, आणि अर्धवट प्रतिकार असलेल्या अळ्यांना तग धरायला जागा झाली. 2010 मध्ये गुजरातेतील अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट जिल्ह्यांत एका जनुकाच्या बीटीला अळी दाद देत नसल्याचे जाहीर झाले. काही वर्षांत दोन जनुकांचे संरक्षणही ढासळले, आणि 2017 च्या हंगामात महाराष्ट्रातल्या कापूस पट्ट्याने त्याची किंमत मोजली.

हीच अळी अमेरिकेत कशी हरली, हे पाहिले म्हणजे एकत्रित संशोधनाचा अर्थ नेमका कळतो. ॲरिझोनात 1996 पासून बीटी कपाशीसोबत, विषाला बळी पडणाऱ्या अळ्याही टिकाव्यात म्हणून, बिगर-बीटी कपाशीचे आश्रय-पट्टे नेटाने राखले गेले, त्यामुळे अळीत प्रतिकार वाढला नाही. 2006 पासून डाव बदलला. प्रयोगशाळेत वाढवून किरणोत्साराने वंध्य केलेले अब्जावधी पतंग विमानांतून कापसाच्या शेतांवर सोडण्यात आले. रानातला पतंग वंध्य जोडीदाराशी जुळला की पुढची पिढी खुंटते. त्याच्या जोडीला मादीच्या गंधाची नक्कल करणारे कामगंध होते. या गंधाची रासायनिक ओळख 1973 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड परिसरातल्या संशोधकांनी पटवली होती. ॲरिझोना विद्यापीठातले ब्रूस टॅबॅश्निक, ईव्ह कॅरिएर आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे शेतातून अळ्या आणून त्यांचा प्रतिकार तपासत राहिले. शेतकऱ्यांच्या संघटनेने खर्चाचा वाटा उचलला. ऑक्टोबर 2018 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने आपल्या कापूस पट्ट्यातून ही अळी हद्दपार झाल्याचे जाहीर केले. जनुकशास्त्र, रसायन, किरणोत्सार, विमान, आकडेशास्त्र आणि शेतकऱ्यांची एकजूट यांतले एकही काढून घेतले असते, तर हे झाले नसते. मनाला लागणारी गोष्ट पुढेच आहे. भारतातल्या अळीने बीटीवर मात कशी केली, याचा महत्त्वाचा जनुकीय पुरावा 2014 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्या अभ्यासातही ॲरिझोना विद्यापीठाचे संशोधक होते. अळी आपल्या शिवारातली, नुकसान आपले, आणि तिच्या अंतरंगाचे वाचन मात्र साता समुद्रांपलीकडे.

ॲरिझोना विद्यापीठ हे अमेरिकेच्या जमीन-अनुदान विद्यापीठांपैकी एक. रिव्हरसाइडचे विद्यापीठ तर 1907 च्या लिंबूवर्गीय फळांच्या संशोधन केंद्रातून वाढले. तिथे कृषिशास्त्रज्ञ, रसायनशास्त्रज्ञ आणि अभियंते एकाच आवारात वावरतात. आपण 1960 च्या दशकात कृषी विद्यापीठे उभारली ती याच नमुन्यावर. पण नमुन्याचा अर्धा भाग घेतला आणि अर्धा सोडला. शेती एका विद्यापीठात नेली, विज्ञान व अभियांत्रिकी दुसऱ्यात ठेवली. परिणामी जळगावच्या कपाशीची जबाबदारी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे. जळगावातच 1990 मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठात रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, जीवशास्त्र, संगणकशास्त्र, पर्यावरण आणि रासायनिक तंत्रज्ञान हे सगळे विभाग आहेत, पण त्याच्या दारासमोरच्या कपाशीवर त्याचा औपचारिक अधिकार नाही. या विद्यापीठाला 2018 मध्ये बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. असोद्यात जन्मलेल्या, शेतात राबता राबता काव्य रचणाऱ्या या कवयित्रीचे नाव धारण करणाऱ्या संस्थेत शेत हा परका विषय असणे, ही केवळ प्रशासकीय विसंगती म्हणून सोडून देता येत नाही.

यावर पहिला आक्षेप विद्वानांकडूनच येईल. विद्यापीठाने मूलभूत ज्ञान शोधावे, गावच्या अडचणी सोडवण्याच्या मागे लागले तर संशोधन उथळ होते, असे ते म्हणतील. या भीतीत तथ्य आहे. तात्कालिक उपाय सांगणारी पत्रके म्हणजे संशोधन नव्हे. पण बोंडअळीचाच इतिहास उलट साक्ष देतो. पतंगाचा गंध म्हणजे दोन जवळजवळ सारख्या रेणूंचे ठरावीक मिश्रण असते, आणि त्यांतला फरक फक्त एका दुहेरी बंधाच्या वळणाचा असतो. हे ज्ञान शुद्ध रसायनशास्त्राचे आहे, आणि ते मिळाले शेतातल्या प्रश्नाचा पाठपुरावा केल्यामुळे. अळीच्या आतड्यातल्या प्रथिनांच्या जनुकांचे वाचन चुकीच्या ठिकाणी तुटून जोडले जाते, हा शोध उत्क्रांतीशास्त्राला मोलाचा आहे, आणि तो लागला शेतातून गोळा केलेल्या अळ्यांमुळे. प्रश्न गावचा असला म्हणून उत्तर गावठी ठरत नाही. दुसऱ्या देशातल्या विद्यापीठाने मांडलेल्या प्रश्नाची थोडी वेगळी आवृत्ती करून छापणे, हाच उथळपणाचा खरा मार्ग आहे. तिथे आपण सदैव दुसरे असतो. वाघूर आणि कांग नद्यांच्या खोऱ्यातल्या काळ्या जमिनीत अळीच्या किती पिढ्या होतात, या प्रश्नावर आपण पहिले असू शकतो.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे, आणि तो अधिक वजनदार आहे. ॲरिझोनातले शेतकरी थोडे आणि त्यांची शेते प्रचंड. इथे दोन-तीन एकरांचे धारक हजारोंनी आहेत. 450 ग्रॅम बीटी बियाण्यासोबत आश्रय-पट्ट्यासाठी 120 ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची पुडी येत असे, तेव्हा बहुतेकांनी ती लावली नाही, कारण दोन एकरांच्या मालकाला आपल्या शेताच्या कडेने अळीसाठी पीक उभे करणे परवडत नव्हते. हे खरेच आहे. पण अडचण वेगळी आहे, याचा अर्थ संशोधन अशक्य आहे असा होत नाही. त्यासाठी संशोधनही वेगळे हवे एवढाच होतो. चीनमध्ये यांगत्से खोऱ्यातले शेतकरीही लहानच आहेत. तिथे बीटी आणि बिगर-बीटी कपाशीच्या संकराची दुसरी पिढी पेरली गेली. तीत साधारण पाव झाडे आपोआप बिगर-बीटी निघतात. अकरा वर्षांच्या नोंदींवरून तिथल्या संशोधकांनी 2017 मध्ये दाखवून दिले की या मिसळीमुळे अळीतला वाढता प्रतिकार उलट मागे आला. बोंडाच्या आत झालेली सरकीची मिसळ अळीला बळ देते, आणि शेतात झालेली झाडांची मिसळ तिचा प्रतिकार मोडते. हा भेद कागदावर सहज सुचत नाही. तो शेतात मोजावा लागतो. आपल्याकडेही पुढे दोन्ही बियाणी एकाच पाकिटात मिसळून द्यायची पद्धत आली. ती खानदेशातल्या ठिबकच्या कपाशीत कितपत काम करते, हे तालुक्याच्या पातळीवर वर्षानुवर्षे मोजणे हे विद्यापीठाचे काम आहे.

तिसरा सूर असा असतो की दोष शेतकऱ्याचाच. सांगितलेले तो ऐकत नाही. लवकर लागवड होऊ नये म्हणून कृषी खाते बियाण्यांच्या विक्रीची तारीख ठरवून देते, फरदड घेऊ नका असे दरवर्षी बजावते, तरी मे महिन्यात कपाशी लागतेच. पण मे महिन्यात लावणाऱ्याचा हिशेब ऐकला तर त्यात अडाणीपणा सापडत नाही. पीक लवकर निघाले तर त्याला रब्बीत हरभरा, मका किंवा गहू घेता येतो. भाव पडलेला असताना जानेवारीत झाडे उभी ठेवणे म्हणजे आशा उभी ठेवणे. त्याच्या एकट्याच्या शेतापुरता हा निर्णय शहाणपणाचाच आहे, आणि तरी तोच निर्णय शंभर जणांनी घेतला की शंभरांचे नुकसान होते. अर्थशास्त्राला ओळखीचा असलेला हा पेच कीटकशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही. लवकर लागवड सोडल्यास रब्बीची भरपाई कशी होईल, कमी मुदतीचा वाण बाजारात कोण आणेल, आणि एका गावाने एकाच आठवड्यात लागवड केली तर त्या गावाला काय मिळेल, हे प्रश्न कीटकशास्त्रज्ञ आणि अर्थशास्त्रज्ञांनी एकाच मेजावर बसून विचारायचे आहेत. कंपन्या हे करणार नाहीत. दरवर्षी विकले जाणारे संकरित बियाणे हा त्यांचा धंदा आहे, आणि कमी मुदतीच्या सरळ वाणाचे बी शेतकरी घरचे घरी राखू शकतो. जिथे नफ्याची वाट नाही तिथे सार्वजनिक विद्यापीठ लागते. त्याच्या अस्तित्वाचे समर्थनच हे आहे.

उरतो पैशाचा मुद्दा. भारत संशोधनावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या जेमतेम 0.64 टक्के खर्च करतो, आणि त्यातला राज्य विद्यापीठांच्या वाट्याला येणारा घास फारच लहान असतो. 2023 च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाने पाच वर्षांत 50,000 कोटींचे उद्दिष्ट ठेवले आहे, पण त्यातली सुमारे 36,000 कोटींची अपेक्षा सरकारबाहेरून आहे. तेव्हा पैसा कमी आहे, हे मान्यच. तरीही बोंडअळीच्या कामाला सर्वांत जास्त लागते ते सातत्य आणि माणसे. महागडी उपकरणे हा त्यातला लहान भाग आहे. तालुक्यातल्या महाविद्यालयांत रसायनशास्त्राचे, प्राणिशास्त्राचे आणि संगणकाचे विद्यार्थी आजच आहेत. कामगंध सापळ्यातल्या पतंगांचा मोबाईलवर फोटो काढून त्यांची मोजणी करणारे तंत्र मुंबईच्या वाधवानी एआय या संस्थेने कापसासाठी तयार केले आहे. उणे आहे ते एवढेच, की असे दहा वर्षांचे काम करणाऱ्या प्राध्यापकाला आजच्या मूल्यमापनात गुण मिळत नाहीत. दोन विभागांनी मिळून लिहिलेला, तिसऱ्या विद्यापीठाच्या सहभागाचा, शेतकऱ्यांच्या नोंदींवर उभा असलेला एक प्रबंध हा वर्षाकाठी पाच शोधनिबंधांपेक्षा मोलाचा मानण्याचे धैर्य विद्यापीठाच्या विद्वत्सभेला दाखवावे लागेल.

एक शिवार निवडावे, एका नाल्याच्या पाणलोटाचे, पाच-सात गावांचे. राहुरी आणि जळगाव या दोन विद्यापीठांनी आणि तालुक्यातल्या महाविद्यालयांनी ते दहा वर्षांसाठी आपले मानावे. लागवडीची तारीख, पाण्याच्या पाळ्या, सापळ्यातले पतंग, डोमकळ्या, जिनिंगच्या आवारातून उडणारे पतंग, बाजारभाव आणि फरदडीचा निर्णय हे सारे एका वहीत यावे. ती वही गावात मराठीत दरवर्षी वाचून दाखवली जावी, म्हणजे शेतकऱ्यांना तिच्यातल्या चुका दुरुस्त करता येतील. पतंग उडतो तेव्हा त्याला कोणाचा बांध अडवत नाही, म्हणूनच त्याचा बंदोबस्त एकेका शेतात होत नाही, तो शिवारानेच करावा लागतो. ज्ञानालाही हाच न्याय लागू आहे. डोमकळी सोडवणाऱ्या शेतकऱ्याच्या बोटांना जे एकत्र दिसते, ते विद्यापीठाने आपापल्या खोल्यांत तुकडे करून पाहिले, तर त्या बोटांना उत्तर कधीच मिळणार नाही.