कुणाचं काय जातं?

पनामाच्या दमट जंगलात लष्करी मुंग्यांची फौज निघाली की पाचोळ्याखाली पळापळ सुरू होते. झुरळं, कोळी, नाकतोडे जीव वाचवायला उघड्यावर येतात. शेजारच्या काटकीवर एक छोटा पक्षी याचीच वाट बघत असतो: स्पॉटेड अँटबर्ड. नराच्या पांढऱ्या छातीवर काळ्या ठिपक्यांची माळ असते. नावात मुंगी असली तरी त्याचा डोळा असतो पळणाऱ्या किड्यांवर. खाली झडप घालायची, किडा उचलायचा, परत काटकीवर. मुंग्या राबतात, हा जेवतो.

यात गैर काय? बरीच वर्षं अभ्यासकांचा सर्वसाधारण समज होता की काहीच नाही. पक्ष्याचा फायदा होतो, मुंग्यांचं काही जात नाही. मग पनामातल्याच बारो कोलोरॅडो बेटावर काही संशोधकांनी अशा पक्ष्यांना मुंग्यांपासून दूर ठेवून पाहिलं. २००५ साली निष्कर्ष छापून आला: पक्षी नसले की मुंग्यांच्या हाती जास्त शिकार लागते. म्हणजे नुकसान होतच होतं. कुणी मोजलं नव्हतं, एवढंच.

‘कुणाचं नुकसान नाही’ हे आपण कशावरून ठरवतो? बहुतेकदा समोरचा गप्प आहे यावरून.

आम्ही सॉफ्टवेअरवाले रोज कुणीतरी फुकट दिलेला कोड वापरतो. परवाना आहे, चोरी नाही. कॉपी केल्यानं कोड कमीही होत नाही. पण तो सांभाळणाऱ्याचे तास कमी होतात. २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधली ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी उघड झाली. इंटरनेटचा मोठा भाग ज्यावर विसंबून होता, त्या प्रकल्पात तेव्हा पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच होता. त्याआधी सगळं सुरळीत दिसत होतं, कारण राबणारे राबत होते.

पक्ष्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला हिशेब मांडता येत नाही. आपल्याला येतो, म्हणून आपली जबाबदारी वेगळी. घेणं बंद करा असं मी म्हणत नाही. एकमेकांच्या कष्टांवरच जग चालतं. पण हिशेब घेणाऱ्यानंच मांडायला हवा. ज्याचं जातंय, त्याला बोलायला अनेकदा फुरसतच नसते.

‘कुणाचं काय जातं?’ हे आपण विषय संपवायला म्हणतो. एकदा खरोखर प्रश्न म्हणून विचारून बघा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.