हार्मोनियमचे वय

विदर्भातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत वाद होतो तो त्रैक्याच्या सिद्धांतावरून नाही, पेटीवरून. ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक उघडून पेटी-तबल्यावर ना. वा. टिळकांची गीते म्हणायची, की पडद्यावर शब्द टाकून कीबोर्डवर हिंदी कोरस गायचे? ज्येष्ठांना वाटते आपले जुने चालले. तरुणांना वाटते आपल्याला कोणी विचारतच नाही. दोन्ही बाजू ‘जुने’ हा शब्द वापरतात, पण त्याचे वय कोणी काढत नाही. हार्मोनियम 1840 च्या दशकात पॅरिसमध्ये घडली. आकाशवाणीने तर तिला परकी ठरवून 1940 पासून 1971 पर्यंत प्रक्षेपणाबाहेर ठेवले. त्या काळात ती चर्चमध्ये मात्र अगदी देशी होऊन बसली होती. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा. इंग्रजी चालींवर बसवलेल्या भाषांतरित गीतांच्या जागी त्यांनी अभंग आणि भजने दिली. त्यांच्या आधी, 1860 च्या दशकात, कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी अहमदनगर भागात ख्रिस्ती कीर्तन उभे केले होते. 1917 मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना तिथे एकत्र बसता यावे, ही कल्पना तेव्हा अनेकांना पचली नाही. आज ज्येष्ठ ज्यासाठी भांडतात ते असे कालचे धाडस आहे.

वाशीमच्या ख्रिस्ती जीवनावर ज्या चर्च ऑफ द नाझरीनची छाप आहे, त्या चर्चचा इतिहासही हेच सांगतो. त्याच्या पूर्वसूरींचे मिशनरी 1898 मध्ये भारतात आले, पुढे बुलढाण्यात स्थिरावले आणि तिथून काम वाशीमला पोहोचले. 1930 च्या दशकाच्या अखेरीस डॉ. ऑर्फा स्पायकर यांनी वाशीममध्ये रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू केले. अमेरिकेत या चर्चचे मूळ नाव ‘पेंटेकॉस्टल चर्च ऑफ द नाझरीन’ होते. पण ‘पेंटेकॉस्टल’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे अन्य भाषांत बोलणारे पंथ येऊ लागले, आणि 1919 मध्ये तो शब्द गाळला गेला. शिकवण तीच राहावी म्हणून नाव बदलले. नाव तसेच ठेवले असते तर लोकांनी शिकवण भलतीच समजून घेतली असती. बाहेरची खूण जागच्या जागी राहिली आणि भोवतालचे जग पुढे गेले, की त्या खुणेचा अर्थ आपोआप सरकतो. न बदलणे म्हणजे निष्ठा हे समीकरण इथेच कोसळते.

याचा मूळ दाखला शास्त्रातच आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात यरुशलेमची सभा भरते. सुंता झाल्याशिवाय तारण नाही, असे काही जण अंत्युखियात शिकवू लागलेले असतात. पेत्र उठून विचारतो, जे जू आपल्या पूर्वजांना आणि आपल्यालाही पेलले नाही ते या नव्या शिष्यांच्या मानेवर का ठेवता? याकोब निकाल देतो: परराष्ट्रीयांना त्रास देऊ नये; मूर्तींना वाहिलेले, जारकर्म, गळा दाबून मारलेले आणि रक्त एवढे मात्र त्यांनी टाळावे. आपले बहुतेक प्रवचनकार इथेच थांबतात. खरी मेख पुढच्या अध्यायात आहे. हा निकाल घेऊन निघालेला पौल लुस्त्रात तीमथ्याची स्वतः सुंता करतो, कारण त्या भागातल्या यहुद्यांमध्ये त्याला काम करायचे आहे. आणि गलतीकरांना लिहिताना हाच पौल ठासून सांगतो की तीताची सुंता व्हावी ही मागणी आपण क्षणभरही मानली नाही. विधी एकच; एकदा केला, एकदा नाकारला. यात विसंगती दिसते ती आपण विधीकडे बघतो म्हणून. पौल बघतो ते त्या विधीला कोणते काम दिले आहे याकडे. शेजाऱ्याला सोयीचे व्हावे म्हणून केलेली सुंता चालते. तारणाची अट म्हणून मागितलेली चालत नाही. मूर्तीला वाहिलेल्या मांसाचेही तेच. करिंथकरांना तो सांगतो, बाजारात विकले जाते ते न विचारता खा, पण त्याने दुबळ्या भावाला ठेच लागत असेल तर खाऊ नका.

यावरून दिसते की रीत जपण्यात गैर काहीच नाही. रीत अट झाली की मात्र एक अक्षर न बदलता शिकवण बदलून जाते. वऱ्हाडी बोलणारी बाई चर्चच्या दारात उभी आहे आणि जुन्या पुस्तकी मराठीतली प्रार्थना आल्याखेरीज तिला आपण इथलेच आहोत असे वाटत नाही, तर तिथे भाषा सुंतेच्या जागी बसली आहे. पहिला मराठी नवा करार 1811 मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला मोडी लिपीत छापला गेला. आज किती सभासदांना मोडी वाचता येते? म्हणून शास्त्र हरवले असे कोणी म्हणत नाही. पंडिता रमाबाईंनी तर हिब्रू आणि ग्रीक शिकून, आयुष्याची शेवटची वर्षे खर्चून, साध्या बायकांना कळेल असे भाषांतर केले. स्त्री पाळकांचा प्रश्नही असाच. नाझरीन चर्चच्या घटनेत 1908 पासून स्त्रियांना दीक्षेचा अधिकार आहे. तरीही एखाद्या मंडळीला स्त्री पाळक नको वाटत असेल, तर तिने त्या नकाराला निदान आपल्या चर्चची शिकवण म्हणू नये.

यावर ठरलेला आक्षेप येतो: आज गाणी, उद्या वेश, परवा पुनरुत्थानही ‘प्रतीक’ होईल, उतारावर एकदा पाय सुटला की सुटला. भीती खोटी नाही, पाश्चात्त्य चर्चमध्ये अशी घसरण झालेली आहे. पण नाझरीन चर्चच्या नियमावलीनेच उतारावर पायऱ्या बांधल्या आहेत. विश्वासाची 16 कलमे बदलायची तर जनरल असेंब्लीत दोन-तृतीयांश मते लागतात आणि शिवाय जगभरच्या जिल्हा सभांची तशीच मोठी संमती लागते. आचरणाचे नियम असेंब्ली एकटी बदलू शकते, आणि उपासनेत कोणते वाद्य वाजावे याबद्दल नियमावली अडून बसत नाही. दुसरे असे, की बदल म्हणजे सैलावणे हे गृहीतकच चूक आहे. 1833 मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी दक्षिणेतल्या मंडळ्यांना फर्मावले की चर्चमधला जातिभेद पूर्ण बंद करा. वेगळ्या जागा, प्रभुभोजनाला वेगळी रांग हे सगळे तेव्हा पिढ्यान् पिढ्यांचे, वाडवडिलांचे होते. तंजावरचे कवी वेदनायगम शास्त्री यांच्यासारखा भक्तिमान माणूसही त्या हुकमाविरुद्ध उभा राहिला. तो बदल सैलावणारा नव्हता, आवळणारा होता, आणि शिकवणीला धरून होता.

दुसरा आक्षेप मला जास्त छळतो, कारण तो बदल मागणाऱ्यांवरच उलटतो. आरती, कीर्तन, संस्कृतप्रचुर स्तोत्रे आणून चर्च ‘भारतीय’ होते म्हणता, पण हे भारतीयपण कोणाचे? महाराष्ट्रातून आलेले अरविंद निर्मळ यांनी 1981 मध्ये बंगळूरच्या व्याख्यानातून दलित धर्मविज्ञानाची मांडणी सुरू केली ती याच बोचणीतून. मंडळीतले बहुसंख्य ज्यांच्या दारात उभे राहू शकत नव्हते, त्यांचीच चिन्हे वेदीवर का? हा प्रश्न टाळून केलेला देशीपणा हीही एक नवी अटच असते. आणि अल्पसंख्य समाजाचे आणखी एक दुखणे आहे: इंग्रजीत गायले तर परकीय, अभंगात गायले तर वेषांतर. एवढ्याशा समाजात जुनी गीते, हॉस्पिटलचे आवार, आजीचे पान दुमडलेले पुस्तक या आठवणी घट्ट धरल्या जातात ते समजण्यासारखे आहे. त्या हिसकावून कोणी नवे आणू नये. तरुणांच्या कोरसलाही तीमथ्याचा न्याय लागू आहे: म्हातारी माणसे गप्प बसून राहणार असतील, तर अर्धी उपासना त्यांच्या चालींना द्यावी.

रीतीला कोणते काम दिले आहे, ही माझी कसोटी सगळ्याच बदलांना दार उघडत नाही. टाळेबंदीत 2020 मध्ये उपासना मोबाईलवर आली आणि बऱ्याच ठिकाणी तिथेच राहिली. पुण्याला कामाला गेलेला मुलगा रिसोडच्या किंवा मंगरूळपीरच्या पाळकांचे प्रवचन कंपनीच्या बसमध्ये ऐकतो. ऐकू द्यावे, त्याची वर्गणीही गावच्या मंडळीत घ्यावी. प्रवचन कागदावर गेले, ध्वनिक्षेपकावर गेले, आता फोनवर गेले. पण प्रभुभोजन? मनुकांचा रस आणि भाकरीचा तुकडा ज्याने त्याने आपापल्या खोलीत घ्यावा, ही सोय मला मान्य नाही. द्राक्षारस आंबलेला की साधा रस, पेला एक की छोटे पेले अनेक, ही रीत होती. म्हणूनच थॉमस वेल्च यांनी 1869 मध्ये न आंबणारा द्राक्षरस काढला आणि पुढे अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांनी तो स्वीकारला. एका भाकरीचे वाटेकरी म्हणून एकमेकांसमोर बसणे मात्र पौलाच्या लेखी विधीची सजावट नाही. करिंथच्या श्रीमंतांवर तो चिडला ते गरीब येईपर्यंत थांबले नाहीत म्हणून. तेव्हा त्या मुलाला पुण्यात जवळची मंडळी शोधून द्यावी, पाळकांनी तिथल्या पाळकांना फोन करावा. आणि दिवाळीच्या सुट्टीत तो गावी येईल त्या रविवारी प्रभुभोजन ठेवता येते का, हे पंचांनी पाहावे.