कोणाकडं आलात?

विरारहून जव्हारला जायच्या दोन वाटा आहेत. दाराशी गाडी असेल तर अहमदाबाद महामार्गाने मनोरपर्यंत जायचे, तिथे उजवीकडे वळून विक्रमगड आणि पुढे घाट. नसेल तर डहाणू लोकलने वैतरणा, सफाळे, केळवे रोड करत पालघर गाठायचे आणि स्टँडवरून एसटी धरायची. दुसऱ्या वाटेने अर्धा दिवस प्रवासातच जातो, तरी मला तीच बरी वाटते. पालघरच्या स्टँडवर अख्खा जिल्हा बाकांवर बसलेला भेटतो. जातीच्या दाखल्यासाठी पुन्हा खेप घालणारा बाप, कोर्टाच्या तारखेला एकत्र आलेले पण एकमेकांशी न बोलणारे भाऊ, आणि त्या सगळ्यांत ‘जव्हार लागली का हो?’ असे दर पाच मिनिटांनी विचारणारी एखादी आजी.

जव्हार संस्थान १९४८मध्ये विलीन झाल्यापासून वसई आणि जव्हार एकाच जिल्ह्यात आहेत; आधी ठाणे, १ ऑगस्ट २०१४पासून पालघर. एवढ्या वर्षांच्या शेजारात आपल्याला जव्हारचे काय ठाऊक झाले? दाभोशाचा धबधबा, जय विलास राजवाडा, आणि ‘मिनी महाबळेश्वर’ हे कुणीतरी चिकटवलेले नाव. २०११च्या जनगणनेत वसई-विरारची लोकसंख्या बारा लाखांवर होती, जव्हार शहराची बारा हजारांच्या आसपास. म्हणजे शंभरास एक. नालासोपारा पूर्वेच्या एखाद्या वसाहतीत सबंध जव्हार सामावेल, आणि त्या वसाहतीतल्या माणसांना कळणारही नाही की कोण राहायला आले.

गाव पायी फिरण्याजोगे आहे. समुद्रसपाटीपासून दीड हजार फुटांच्या आसपास उंची, त्यामुळे दिवाळी उलटल्यावर सकाळी अंगाला गारवा लागतो. स्टँडवरून निघून हनुमान पॉइंट, तिथून राजवाड्याकडे आणि उन्हे कलताना सनसेट पॉइंट, एवढे सगळे रमतगमत चालून दिवसाउजेडी आटोपते. मी नकाशा उघडत नाही. वाट चुकले तर विचारते. विचारल्याशिवाय गाव बोलत नाही, असा माझा अनुभव आहे. मात्र एकटी बाई, हातात पिशवी नाही, बरोबर कुणी नाही, चालण्यात घाई नाही, असे दिसले की प्रश्न आधी गावच विचारते: ‘कोणाकडं आलात?’

हा प्रश्न मला टपरीवर विचारला गेला, पतंगशहा कुटीर रुग्णालयाच्या फाटकाशी विचारला गेला, आणि ओट्यावर उडीद पाखडत बसलेल्या एका बाईने तर सूप थांबवून विचारला. मी म्हणाले, ‘कोणाकडं नाही, फिरायला आले.’ तिने एकदा माझ्याकडे, एकदा माझ्या मागच्या रिकाम्या रस्त्याकडे पाहिले. एकटीच? एकटीच. तिच्या चेहऱ्यावर संशय नव्हता, थोडी काळजी होती. घरात काही बिनसले असेल आणि ही निघून आली असेल, अशी. मग ती म्हणाली, ‘बसा की.’ आत जाऊन तांब्या-भांडे घेऊन आली. पुढ्यातला उडीद हाताने बाजूला सारून मला जागा करून दिली.

या गावाला पाहुण्याचा इतिहास मोठा आहे, आणि तो सरळसोट नाही. संस्थानाच्या मूळपुरुषाची, जयबा मुकणे यांची, दंतकथा अशी की त्यांनी इथल्या वारली नायकाकडे फक्त बैलाच्या कातड्याखाली मावेल एवढीच जमीन मागितली. नायकाने हो म्हटले. मग कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्यांनी डोंगरच वेढला. चौदाव्या शतकापासून १९४८पर्यंत चाललेल्या महादेव कोळी राजवटीची सुरुवात या गोष्टीने सांगितली जाते. दुसरी गोष्ट शिरपामाळाची. १६६४च्या सुरत स्वारीच्या वाटेवर शिवाजी महाराजांचा मुक्काम या माळावर पडला, राजा विक्रमशहाची भेट झाली, मानाचा शिरपेच दिला गेला आणि त्यावरून माळाला नाव मिळाले, असे इथे सांगतात. एका पाहुण्याने मान ठेवला, दुसऱ्याने जमीन नेली. (पहिल्या गोष्टीत वारली नायकाचे नाव कुणी जपलेले नाही. त्यातच सगळे आले.)

त्या ओट्यावरच्या पाण्यापाशी मी जरा रेंगाळते, कारण ते पाणी आपल्याही घरात येते. ‘धामणी भरले’ ही बातमी पावसाळ्यात आपण जितक्या आवडीने वाचतो तितकी दुसरी कुठली वाचत नाही. सूर्या नदी जव्हारच्या डोंगरांतून उतरते, धामणीच्या धरणात अडते, कवडासच्या बंधाऱ्यावरून उचलली जाते आणि महामार्गालगतच्या जलवाहिन्यांतून आपल्याकडे येते. प्रादेशिक योजनेतल्या ४०३ दशलक्ष लिटरपैकी रोजचे १८५ वसई-विरारसाठी आणि २१८ मीरा-भाईंदरसाठी धरलेले आहेत. त्याआधीच्या योजनांचे वेगळे. धरण मुळात सिंचनासाठी बांधले होते. पालघर-डहाणूचे शेतकरी त्याची वारंवार आठवण करून देतात, आपण वारंवार विसरतो. उगमाच्या बाजूची गत अशी की चार महिन्यांत अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, काळ्या कातळावरून उताराने निघून जातो, आणि मार्च उजाडला की पाड्यांवरच्या बायका डोक्यावर दोन हंडे घेऊन डवऱ्याशी, म्हणजे झऱ्यावर खणलेल्या खड्ड्याशी, रांग लावतात. रात्री त्यात साठेल तेवढे पहाटे वाटीने उपसायचे. शहरातल्या कितीतरी सोसायट्यांच्या दर्शनी भिंतीवर हौसेने वारली चित्र काढून घेतलेले असते. त्यातही बायका डोक्यावर हंडे घेऊन चाललेल्या असतात. छान दिसते.

एवढ्यावरून ‘आपण त्यांचे पाणी पितो’ म्हणून गळा काढायचा माझा बेत नाही. नदी खालीच वाहणार, शहराला पाणी लागणारच. मला खटकते ते वेगळेच. त्या बाईने अनोळखी माणसाला ‘कोणाकडं आलात’ विचारले आणि उत्तर ‘कोणाकडंच नाही’ असे आले, तरी ‘बसा’ म्हटले. आता हाच रस्ता उलटा धरा. दिवाळी झाली, भात झोडून झाले, नागली-वरई घरात आली की जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या पाड्यांवरून माणसे खाली उतरू लागतात. त्याला तिकडे ‘जगायला जाणे’ म्हणतात. वसई, भिवंडी, ठाण्याच्या वीटभट्ट्या, रेतीची बंदरे, इमारतींची कामे. कुणी उमेदीने, पुष्कळसे आधीच घेतलेल्या बयाण्याच्या ओढीने. शिमग्याला चार दिवस घरी, पुन्हा परत, आणि पावसाच्या तोंडावर हिशोब. ती माणसे सकाळी आठ वाजता आपल्या नाक्यावर उभी असतात. त्यांना ‘कोणाकडं आलात’ असे आपल्यापैकी कुणी विचारत नाही. आपण विचारतो, ‘किती घेणार?’

मी जव्हारला फिरायला गेले; तिथली माणसे माझ्या गावी जगायला येतात. रस्ता एकच, एसटीही बहुधा एकच. वर जाणाऱ्याला पाणी, ओट्यावर जागा, वाट दाखवायला बरोबर चार पावले चालणारे पोर. खाली येणाऱ्याला पुलाखालची जागा, तीही कुणाची तक्रार जाईपर्यंत. पर्यटकाने कसे वागावे याचे धडे हल्ली खूप दिले जातात: कचरा टाकू नका, आदिवासींचे न विचारता फोटो काढू नका, स्थानिकांकडून खरेदी करा. सगळे बरोबरच आहे. पण हे धडे डोंगरावर घालवलेल्या एका दिवसापुरते आहेत. मी दाभोशाला प्लास्टिकची बाटली टाकली नाही म्हणून पाहुणी शहाणी ठरले. यजमानीण म्हणून माझी परीक्षा विरारच्या नाक्यावर होते, आणि ती वर्षाचे सहा-आठ महिने रोज होते.

‘मजुराला दाम दिला की झाले, त्यात पाहुणचार कसला?’ असे कुणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. पाहुणचाराच्या गोड भाषेखाली मजुरी बुडवणारेही असतात. चहा पाजून निम्मा दाम देणारे मालक आपण पाहिले आहेत. आधी पूर्ण दाम, मग चहा. वसई तालुक्यात तर हे सांगायचीही गरज पडू नये. उसगावची श्रमजीवी संघटना उभी राहिली ती इथल्याच वेठबिगारांच्या सुटकेतून, आणि तेही फार जुने नाही, १९८०च्या दशकातले. लग्नासाठी उचललेल्या थोड्या रकमेपायी आयुष्यभर मालकाच्या दारात राबणारे ‘लग्नगडी’ याच मातीत होते. म्हणून दाम, हिशोब आणि कायदा ही पहिली पायरी, याबद्दल मला शंका नाही. पण पोटासाठी आलेला माणूस पाहुणा नसतो हे कुणी ठरवले?

आपल्या भाषेतले गाजलेले प्रवासवर्णन पाहा. वरसईचे विष्णुभट गोडसे घरावरच्या कर्जापायी, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेत करणार होत्या त्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने निघाले आणि सत्तावनच्या बंडात सापडले. ‘माझा प्रवास’ १९०७मध्ये छापून आला. भटजी फिरायला गेले नव्हते, जगायला गेले होते. वाटेत त्यांना लुटणारे भेटले तसे आसरा देणारेही भेटले, म्हणून ते परत आले आणि आपल्याला पुस्तक मिळाले. आपण त्यांना प्रवासी म्हणतो. विक्रमगडहून डोक्यावर गोणी घेऊन निघालेल्याला स्थलांतरित म्हणतो, सरकारी कागदावर म्हणतात तसे.

पायी चालण्याचा एक फायदा असा की दृश्ये हळू सरकतात आणि माणसाचा चेहरा चेहरा म्हणूनच दिसतो. गाडीच्या काचेतून जव्हार हिरवे दिसते. पायी गेले की रुग्णालयाच्या फाटकाशी कडेवरच्या पोराचे बारीक मनगट दिसते, आणि १९९२-९३ साली याच तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता हे आठवते. तेव्हापासून योजना आल्या, पोषण आहार आला, बायफ या संस्थेच्या वाड्यांतून आंबा-काजू आला. ओट्यावरच्या बाईच्या परसात काजूची चार झाडे होती. ती तिने मला कौतुकाने दाखवली, आणि त्यातले एक तिच्या नवऱ्याने आडव्या जागी लावल्याबद्दल त्याला नावेही ठेवली. तिचा थोरला मुलगा-सून ‘खाली’ गेलेले. कुठे? ‘वसई.’ वसईत कुठे, ते तिला सांगता येईना. मला तिच्या गावातला प्रत्येक रस्ता विचारता आला; तिला माझ्या गावातला एकही ठाऊक नव्हता, आणि तिची माणसे मात्र तिथे.

परतीची एसटी लागायला वेळ होता. स्टँडच्या कठड्याशी एक कुटुंब बसले होते. गोणीतून तव्याची कड बाहेर आलेली, दोरीने बांधलेल्या गोधड्या, डब्यात खुरासणीचे तेल, टोपलीत एक कोंबडी, पाय बांधलेली आणि अगदी शांत. मोठी मुलगी नऊ-दहा वर्षांची, अंगात शाळेचाच निळा-पांढरा गणवेश. दुसरा चांगला कपडा नसेल, किंवा हाच सर्वांत चांगला असेल. तिच्या मांडीवर धाकटा. मनोरला उतरणार होते, तिथून मुकादमाचा टेम्पो. शिरसाड फाट्याच्या आतल्या बाजूला भट्टी. या वेळी मी विचारले, ‘कोणाकडं?’ बाईने शेठचे नाव नाही, मुकादमाचे सांगितले. विटा पाडायला जोडी, भाव हजारावर, आठवड्याला खर्ची, बाकी पावसाआधी.

मुलगी चौथीत होती. अशा मुलांसाठी आपल्या राज्यात शिक्षण हमी पत्रक असते. जाताना गावच्या शाळेने ते द्यायचे, पोहोचल्यावर तिथल्या शाळेने ते पाहून मुलाला वर्गात बसवायचे, दाखल्यासाठी अडवायचे नाही. मी तिला विचारले, गुरुजींनी असा कागद दिला का? मुलीनेच दप्तरातून काढून दाखवला, घडी चौकोनी, कोपरे न दुमडता. मी म्हणाले, तिथे जवळ शाळा आहे, हिला नक्की घाला. आणि माझा फोन नंबर त्याच कागदाच्या मागे लिहून दिला. बाईने मान हलवली. मग मांडीवरून घसरणाऱ्या धाकट्याकडे बोट करून विचारले, ‘ती शाळेत गेल्यावर याला कोण धरील? आमी दोघं चिखलात.’

भट्टीवर पाळणा बांधायला एक छप्पर आणि पोरांकडे बघायला एक बाई लागेल, एवढेच तिचे म्हणणे होते. शेठला विचारून पाहा, असे मी तिला सांगणार होते. तेवढ्यात लक्षात आले, विचारायला तिच्यापेक्षा मी जवळ राहते.