पाठचा वारा

कोपरीच्या खाडीकाठी सायंकाळी उभे राहिले असता तिवरांच्या पलीकडे ओहोटीने उघडा पडलेला चिखल दिसतो, आणि प्रस्तुत लेखकास आपल्या विद्यार्थिदशेतील एक प्रसंग हटकून आठवतो. मनुष्याची पारख त्याच्या चुकीवरून करावी, की चुकीनंतरच्या त्याच्या पहिल्या कृतीवरून, हा प्रश्न त्या प्रसंगाने मजपुढे टाकला. त्याचे उत्तर शोधण्यात बराच काळ गेला.

मुंबई बंदरात आम्ही दोघे मित्र एक लहानशी शिडाची नाव घेऊन निघालो होतो. सुकाणू माझ्या हाती होते आणि वारा पाठचा होता. पाठच्या वाऱ्याइतका मायावी वारा दुसरा नाही. समजा, वारा ताशी 12 मैल वेगाने वाहत आहे व नाव त्याच दिशेने ताशी 5 मैल चालली आहे. तर बसणाराच्या अंगास केवळ 7 मैलांचाच वारा लागतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून लाटेत नाक रुतून नाव थबकली, की शिडावरील दाब क्षणार्धात जवळजवळ तिप्पट होतो. तोवर मात्र सर्व कसे शांत व सुखाचे वाटते! मलाही तसेच वाटले. नाव दोन्ही अंगांनी झुलू लागली, त्याची मी पर्वा केली नाही. आणि ती एकाएकी वाऱ्याच्याच बाजूस कलंडली.

पाण्यातून वर येताच मी नावेच्या तळाकडे पोहत गेलो, तळातून बाहेर आलेल्या मधल्या फळीवर चढलो, आणि सर्व बळ एकवटून नाव ओढू लागलो. मित्र कोठे आहे, हे मी पाहिले नाही. त्याला हाकही मारली नाही. नाव उठली खरी. परंतु डोलकाठी वाऱ्याच्या बाजूस पडलेली असल्याने शीड वर येताच त्याखाली वारा शिरला, आणि नाव तशीच पुढे उलटून माझ्याच अंगावर आली. ओल्या शिडाखालच्या त्या अंधारात मला प्रथम ऐकू आली ती मित्राची हाक. तो माझे नाव घेऊन ओरडत होता. त्याने शिडाची कड उचलून धरली. मी बाहेर आलो. “तुला लागलं नाही ना?” एवढेच त्याने विचारले.

पुढचे काम त्याने शिकविले. शिडाची दोरी मोकळी सोडली, तो नावेच्या नाकाशी लोंबकळून राहिला. त्याच्या भाराने नाक हळूहळू वाऱ्याकडे वळले. मग मी फळीवर चढलो, तेव्हा नाव थोड्या श्रमाने उभी राहिली आणि मोकळे शीड निरुपद्रवीपणे फडफडत राहिले. जे बळाने साधले नाही, ते दोरी सोडल्याने व वाऱ्यास तोंड दिल्याने साधले.

येथे कोणी म्हणेल, त्या क्षणी विचारास अवसर कोठे होता? जेथे विचार नाही, तेथे दोष तरी कसला? हा आक्षेप मलाही बरीच वर्षे सोयीचा वाटला. परंतु माझ्या मित्रास तरी विचारास अवसर कोठे होता? अवसर नसताना मनुष्य जे करतो, ते त्याच्या आजवरच्या सवयीचे फळ असते, आणि सवय लावून घेणे हे तर आपल्याच हाती असते. म्हणूनच जाणते शिक्षक नवशिक्यास नाव उलटवावयास लावून आधी सोबत्याला हाक मारण्याचा सराव देतात. नीतीचेही असेच आहे.

2018 च्या सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागरात, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत, अभिलाष टॉमी यांच्या गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’ नावेची डोलकाठी वादळात मोडली व ते जबर जखमी होऊन पडले. ग्रेगर मॅकगुकिन या आयरिश दर्यावर्द्याची डोलकाठीही त्याच वादळात मोडली होती. तथापि त्याने तात्पुरते शीड उभारून नाव टॉमींच्या दिशेने वळविली. अखेर एका फ्रेंच जहाजाने दोघांसही उचलून घेतले; परंतु त्यामुळे त्या वळण्याचे मोल कमी होत नाही.

आपल्या घरांतूनही नावा उलटतात. मुलगा परीक्षेत नापास होतो, भावाचा धंदा बुडतो, मुलगी संसार मोडून माहेरी परतते. अशा वेळी आपण लगेच फळीवर चढून ओढू लागतो: अब्रू सावरावी, दोष कोणाचा ते ठरवावे, लोकांत काय सांगावयाचे ते जुळवावे. शिडाखाली कोण अडकले आहे, याची चौकशी मागाहून होते. मीही एकदा नापास होऊन आलेल्या मुलास “असे कसे झाले?” हाच प्रश्न प्रथम विचारला होता. त्याने मान खाली घातली, आणि मला त्या दिवशीची हाक आठवली.

चूक कोणाच्याही हातून होईल. पाठचा वारा भल्याभल्यांस फसवितो. मात्र त्यानंतर तोंडून प्रथम कोणाचे नाव निघावे, याची तयारी नाव उभी असतानाच करून ठेवावी लागते.