दिशेचे ज्ञान आणि दिशेचे चित्र

दीड हजार वर्षांपूर्वी बौद्ध तत्त्वज्ञ दिङ्नागाने नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांना, पेचात टाकले होते. आवाज लाटेमागून लाट असा कानापर्यंत येतो आणि कान तो जागच्या जागी ग्रहण करतो, हे त्यांचे मत. मग तो दूरवर असल्यासारखा का वाटतो? हाच प्रश्न दिशेलाही लागू पडतो. आजचे शरीरशास्त्र नैयायिकांची अर्धी बाजू मान्य करते : आवाज कानापर्यंत येतो खरा, पण डावे-उजवे प्रामुख्याने ठरते ते दोन कानांच्या तुलनेतून. एका बाजूचा आवाज दुसऱ्या कानाला उशिरा पोचतो. माणसात हा उशीर फार तर ०.७ मिलिसेकंदाच्या आसपास असतो आणि मेंदूच्या बुंध्यातल्या पेशी तो टिपतात. १९४८ साली लॉइड जेफ्रेस यांनी सुचवले, की प्रत्येक दिशेसाठी वेगळी पेशी असावी, म्हणजे मेंदूत दिशांचा नकाशाच असावा. गव्हाणी घुबडात तशी रचना सापडली. सस्तन प्राण्यांत मात्र चित्र वेगळे निघाले. २००१ साली डेव्हिड मॅकअल्पाइन आणि सहकाऱ्यांना गिनीपिगच्या मेंदूत अशा अनेक पेशी आढळल्या, की त्यांचा सर्वाधिक प्रतिसाद त्या प्राण्याच्या डोक्याला शक्यच नसलेल्या कालफरकाला होता. दिशा एकेका पेशीत नसून डाव्या-उजव्या पेशीसमूहांच्या कमी-जास्त प्रतिसादात असावी, असा अर्थ त्यांनी लावला. त्यावर वाद अजून आहे.

ज्ञान म्हणजे वस्तूचे मनातले चित्र, या समजुतीला इथे धक्का बसतो. घुबडाकडे नकाशा आहे ना, असे कोणी म्हणेल. पण नकाशाला वाचणारा लागतो, त्या वाचणाऱ्याच्या आत आणखी एक नकाशा लागतो. ही अनवस्था घुबडालाही चुकत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : दिशा तुलनेतून घडत असेल, तर ती मनाची कल्पनाच नव्हे का? कल्पनेला बाहेरचे जग खोटे पाडू शकत नाही. दिशेच्या ज्ञानाला पाडते. थेट समोरच्या आणि थेट मागच्या आवाजाचा कालफरक सारखाच, म्हणजे शून्य, म्हणून तिथे गल्लत होऊ शकते. मान जराशी वळवली, की समोरचा आवाज एका कानाकडे झुकतो, मागचा दुसऱ्याकडे, आणि गल्लत मिटते. वर-खाली ओळखायला कानाच्या पाळीच्या वळ्या उपयोगी पडतात. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या डच संशोधनात प्रौढांच्या कानांत साचे बसवून त्या वळ्यांचा आकार बदलला, तेव्हा ही ओळख बिघडली. काही आठवड्यांत ती पुन्हा जमली आणि साचे काढल्यावर जुनी ओळखही शाबूत निघाली. जग ज्याला चुकवू शकते आणि पुन्हा शिकवू शकते, ते ज्ञान जगाशी बांधलेले असते. म्हणून ज्ञानाच्या खरेपणाची कसोटी ते वस्तूसारखे दिसते का ही नव्हे. वस्तू बदलली की तेही नेमके बदलते का, ही आहे.