एडिटर किती हुशार असावा?

नीओव्हिम या कोड लिहिण्याच्या एडिटरमध्ये कोऱ्या अवस्थेत फारसं काही नसतं, आणि नेमकं तेच त्याचं आमिष आहे. फाइली शोधायला टेलिस्कोप, कोडला नीट रंग द्यायला ट्री-सिटर, गिटमधले बदल समासात दाखवायला आणखी एक प्लगइन. शनिवार-रविवार कसे सरले कळत नाही, आणि सोमवारी मूळ प्रोग्रॅम होता तिथेच असतो. कामचुकारपणाचा इतका प्रतिष्ठित प्रकार दुसरा नसेल. तरी हा खटाटोप अगदीच वाया जात नाही, कारण प्रत्येक प्लगइन घेताना आपल्या कामातलं काय यंत्रावर सोपवायचं, हे ठरवावं लागतं.

सोपवण्यासारखी एक गोष्ट म्हणजे भाषेची जाण. पूर्वी प्रोग्रॅमिंगच्या प्रत्येक भाषेची जाण प्रत्येक एडिटरला वेगळी शिकवावी लागे. दहा भाषा, पाच एडिटर, म्हणजे पन्नास जोडण्या. 2016 मध्ये मायक्रोसॉफ्टने लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल खुला केला. भाषेचा सर्व्हर एकदा लिहायचा, एडिटरने त्याच्याशी ठरलेल्या पद्धतीने बोलायचं. पन्नासाचं काम पंधरावर आलं. हे फंक्शन कुठे लिहिलंय, कुठेकुठे वापरलंय, हे आता साध्यासुध्या एडिटरलाही सांगता येतं.

याच सर्व्हरच्या सांगण्यावरून चुकांखाली लाल रेघही ओढली जाते. कंस उघडलाय, अट अजून लिहायचीय, तोच रेघ हजर! अर्धवट म्हणजे चूक नव्हे, पण सर्व्हरला हा फरक कुठून कळणार?

याचं एक उत्तर जुन्या एडिटरांमधून आलेलं आहे. बिल जॉयने 1970च्या दशकात बर्कलीत व्हीआय हा एडिटर लिहिला, तेव्हा मोडेमची लाइन इतकी मंद होती की कमीत कमी कळांत काम उरकणं भाग होतं. व्हीआयमध्ये लिहिण्याचा मोड वेगळा आणि दुरुस्तीचा वेगळा. ब्राम मोलेनारने 1991 मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्हिमने ही विभागणी पुढे नेली. व्हिममधूनच निघालेल्या नीओव्हिममध्ये तिचा एक सुंदर वारसा आहे: ‘अपडेट-इन-इन्सर्ट’ हे सेटिंग मुळात बंद असतं. लिहीत आहात तोवर चुकांची यादी ताजी होत नाही. एस्केप दाबून लिहिण्याचा मोड सोडला, की तक्रारी समोर. अनेक जण पहिल्याच दिवशी ते चालू करतात. मी करणार नाही.

‘कुठे आहे’ हे सर्व्हरला खुशाल विचारावं. ‘काय म्हणायचंय’ हे मात्र आधी आपलं आपल्याला ठरवू द्यावं. सर्व्हरने सुचवलेल्या नावांची यादी लिहिताना आपोआप उघडत राहिली, की तिच्यातलंच एखादं उचललं जातं. अनोळखी लायब्ररीत तिच्याशिवाय चालत नाही, हेही खरं. म्हणून ती मागितल्यावरच यावी: कंट्रोल-एक्स, मग कंट्रोल-ओ. कळांच्या दोन अवघड जोड्या आहेत, पण त्या दाबेपर्यंत पुष्कळदा नाव आपलं आपल्यालाच सुचलेलं असतं.